सलाईनची बाटली, सूर्याचा गाभा आणि पीटर डेबाय

प्लाझ्मा म्हटले की दवाखान्यातल्या माणसाला रक्त आठवते. रक्तातल्या पेशी तळाशी बसल्यावर वर जो पिवळसर पातळ भाग उरतो, तो प्लाझ्मा. भौतिकशास्त्रज्ञांचा प्लाझ्मा मात्र वेगळा. वायू इतका तापला की त्याच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि धन व ऋण भारांचे जे मिश्रण उरते, त्याला ते प्लाझ्मा म्हणतात. सूर्य अशाच प्लाझ्माचा गोळा आहे. अमेरिकेतील अर्व्हिंग लँगम्युअर यांनी १९२८ साली हे नाव दिले. रक्तातल्या प्लाझ्मावरूनच त्यांना ते सुचले, असे त्यांच्या एका सहकाऱ्याने पुढे सांगितले.

स्क्रीनिंग या शब्दाचेही तसेच. आपल्याकडे स्क्रीनिंग म्हणजे रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीचे शिबिर. भौतिकशास्त्रात त्याचा अर्थ पडदा धरणे असा आहे. एखाद्या विद्युतभाराभोवती विरुद्ध भारांची गर्दी जमते आणि त्या भाराचा जोर बाहेरच्यांपासून झाकला जातो. हा पडदा सलाईनच्या बाटलीत असतो, आपल्या रक्तात असतो आणि सूर्याच्या गाभ्यातही असतो. त्याचे गणित ज्या माणसाने घालून दिले त्याचे नाव पीटर डेबाय. विज्ञानातील त्यांचा अधिकार निर्विवाद आहे. त्यांच्या आयुष्यातील एका पत्रावर मात्र त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी मोठे वादळ उठले. आज त्यांची ओळख करून घेऊ.

डेबाय यांचा जन्म २४ मार्च १८८४ रोजी हॉलंडच्या दक्षिण टोकावरील मास्ट्रिख्ट या गावी झाला. वडील धातूच्या कारखान्यात मुकादम होते, तर आई नाट्यगृहात तिकिटे विकत असे. घरची परिस्थिती बेताचीच. मुलगा हुशार निघाला, पण डेल्फ्टला पाठवून इंजिनिअर करायचे तर खर्च झेपणारा नव्हता. सीमेपलीकडे जर्मनीतले आखेन जवळ होते आणि स्वस्तही. तिथे त्यांनी विद्युत अभियांत्रिकी शिकायला घेतली आणि १९०५ साली पदवी मिळवली.

आखेनमध्ये त्यांना आर्नोल्ड सोमरफेल्ड हे शिक्षक भेटले. सोमरफेल्ड यांची नजर माणूस हेरणारी होती. पुढच्याच वर्षी त्यांना म्युनिकला बोलावणे आले, तेव्हा ते या कामगाराच्या मुलाला आपला सहायक म्हणून बरोबर घेऊन गेले. १९०८ साली डेबाय यांना डॉक्टरेट मिळाली. १९११ साली झुरिक विद्यापीठातली आइन्स्टाइन यांची जागा रिकामी झाली आणि तिथे सत्तावीस वर्षांच्या डेबाय यांची नेमणूक झाली.

त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी एका ठिकाणी फार काळ मुक्काम केला नाही. उट्रेख्ट, गटिंगेन, पुन्हा झुरिक, मग लाइपझिग. गाव बदलले तरी काम थांबले नाही. १९१२ साली त्यांनी घन पदार्थ थंड होत जाताना त्यांची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता का घटते, याचे गणित मांडले. त्याच वर्षी पाण्यासारख्या रेणूंच्या एका टोकाला किंचित धन आणि दुसऱ्या टोकाला किंचित ऋण भार असतो, हे मोजण्याची रीत दिली. या गुणाचे मापन आज 'डेबाय' याच एककात करतात. १९१६ साली पॉल शेरर या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी भुकटीवर क्ष-किरण सोडून तिच्या स्फटिकांची रचना ओळखण्याची पद्धत काढली. तोवर अशा तपासणीसाठी चांगला मोठा स्फटिक लागत असे. आता चिमूटभर पूड पुरू लागली. मूतखडा नेमका कोणत्या क्षाराचा आहे, हे प्रयोगशाळेत आजही या पद्धतीने तपासता येते.

आपल्या विषयाशी ज्याचा थेट संबंध आहे, ते काम १९२३ सालचे. त्याची सुरुवात भारतातून झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मीठ पाण्यात विरघळले की सोडियमचे धनभारित आणि क्लोराइडचे ऋणभारित कण वेगळे होतात. या कणांना आयन म्हणतात. मिठाच्या एका जोडीचे दोन कण झाले, म्हणजे त्याचा परिणामही दुप्पट दिसायला हवा. पाण्याचा गोठणबिंदू त्या हिशेबाने खाली यायला हवा. प्रत्यक्षात मोजले की परिणाम दुपटीहून थोडा कमी भरत असे. हा फरक कुठून येतो, हे कोडे रसायनशास्त्रज्ञांना बरीच वर्षे छळत होते. कोलकात्यात मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्या बरोबरीने काम करणारे ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ साली त्यावर एक उत्तर सुचवले. द्रावणातही आयन स्फटिकातल्यासारखे ठराविक ओळीत मांडलेले असतात आणि एकमेकांना ओढून धरतात, अशी त्यांची कल्पना होती. झुरिकमधल्या एका चर्चासत्रात घोष यांच्या या कामावर व्याख्यान झाले. श्रोत्यांत डेबाय होते.

डेबाय यांना कल्पनेचा गाभा पटला, मांडणी पटली नाही. पाण्यातले आयन सतत धडपडत असतात, ते शाळेच्या प्रार्थनेतल्या मुलांसारखे रांगेत उभे राहणार नाहीत. पण पूर्ण विस्कळीतही राहणार नाहीत. सरासरी पाहिली तर प्रत्येक धन आयनाच्या आसपास ऋण आयनांची गर्दी थोडी जास्त आणि धन आयनांची थोडी कमी असेल. म्हणजे प्रत्येक आयन स्वतःभोवती विरुद्ध भाराचा एक विरळ ढग घेऊन वावरतो. एरिक ह्युकेल या आपल्या सहायकाला बरोबर घेऊन त्यांनी या ढगाचे गणित केले आणि उत्तर मोजमापाशी जुळले. द्रावण जितके विरळ, तितके अधिक चांगले जुळले. घोष यांचे उत्तर टिकले नाही, पण त्यांच्या प्रश्नाने खऱ्या उत्तराची वाट उघडली. हेच घोष पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक आणि खरगपूर आयआयटीचे पहिले संचालक झाले.

हा ढग समजून घ्यायला आपल्या भागातले उदाहरण घेऊ. बांधावरून भांडण झालेले दोन भाऊ आहेत. एकमेकांना दुरून पाहिले तरी दोघांचे पाय मागे फिरतात. पण लग्नाच्या मांडवात प्रत्येकाभोवती समजूत घालणारे चार पाहुणे असतात. त्या गर्दीमुळे समोरचा नीट दिसतच नाही, आणि दोघे एरवी आले असते त्यापेक्षा बरेच जवळ येऊन पोचतात. भांडण मिटलेले नसते. फक्त त्याची धग किती अंतरापर्यंत पोचते, ते अंतर कमी झालेले असते. विद्युतभारांच्या बाबतीत या अंतराला 'डेबाय लांबी' म्हणतात.

आता सलाईनकडे येऊ. आखाडा बाळापूरसारख्या गावच्या सरकारी दवाखान्यात अशक्तपणा आला की सलाईन लावा, असा आग्रह रोज होतो. पाचशे मिलिलिटरच्या नॉर्मल सलाईनच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ आणि शुद्ध पाणी असते, बाकी काही नाही. चमचाभरही न होणारे हे मीठ अंगात ताकद आणत नाही. शरीरातले पाणी आणि क्षार कमी झालेल्या, रक्तदाब उतरलेल्या रुग्णाचा मात्र ते जीव वाचवते. या द्रावणाच्या एका लिटरमध्ये सोडियमचे १५४ आणि क्लोराइडचे १५४ एकक असतात. बेरीज ३०८ होते. प्रत्यक्ष परिणाम मोजला तर तो २८६च्या आसपास भरतो, कारण प्रत्येक आयन आपल्या ढगाशी थोडा बांधलेला असतो. निरोगी माणसाच्या रक्तातला हाच आकडा साधारण २८० ते २९५च्या दरम्यान असतो. म्हणून ते द्रावण शिरेत सोडले तरी तांबड्या पेशी फुगत नाहीत की आकसत नाहीत. प्रयोगशाळेतले यंत्र हा आकडा मोजते तेही द्रावण गोठवून, गोठणबिंदू किती खाली गेला ते पाहून. डेबाय आणि ह्युकेल यांच्या पहिल्या निबंधाचा विषय नेमका हाच होता. सलाईनमधली डेबाय लांबी ०.८ नॅनोमीटर आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही ती थोडी कमी.

या पडद्यामुळे रासायनिक क्रियांचा वेगही बदलतो. नियम सोपा आहे. दोन समान भारांचे कण एकमेकांना ढकलत असतील, तर पडदा ते ढकलणे मंद करतो आणि क्रिया वेगाने होते. दोन विरुद्ध भारांचे कण एकमेकांना ओढत असतील, तर पडदा ती ओढ मंद करतो आणि क्रिया रेंगाळते. रक्तपेढीत याचा रोजचा उपयोग आहे. रक्त देण्याआधी दात्याच्या पेशी आणि रुग्णाचे रक्तद्रव जुळते का ते पाहतात. रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे असतील तर ती पेशींना चिकटतात. पण साध्या सलाईनमध्ये आयनांची गर्दी असल्याने चिकटायला वेळ लागतो. म्हणून तपासणीसाठी मुद्दाम कमी मिठाचे द्रावण वापरतात. मीठ कमी केले की ढग विरळ होतो, प्रतिपिंड आणि पेशी यांच्यातली ओढ उघडी पडते, आणि अर्ध्या-पाऊण तासाचे काम दहा-पंधरा मिनिटांत होते. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबत नसलेल्या बाईसाठी रक्त मागवलेले असते तेव्हा या अर्ध्या तासाची किंमत काय असते, हे लेबर रूममध्ये उभ्या असलेल्या कुणालाही विचारावे.

डेबाय यांच्या आयुष्याचा पुढचा टप्पा बर्लिनचा. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू प्राध्यापकांची हकालपट्टी सुरू झाली. आइन्स्टाइन देश सोडून गेले. अशा काळात, १९३४ नंतर डेबाय बर्लिनला कैसर विल्हेल्म भौतिकी संस्थेचे प्रमुख झाले. अमेरिकेतील रॉकफेलर निधीच्या पैशातून त्यांनी नवी इमारत उभी केली आणि तिला मॅक्स प्लांक यांचे नाव दिले. १९३६ साली रेणूंच्या रचनेवरील कामासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९३७ साली ते जर्मन भौतिकी परिषदेचे अध्यक्ष झाले. त्यांचे नागरिकत्व मात्र जर्मनीत असेपर्यंत डच राहिले.

१९३८ या एका वर्षात त्यांच्या हातून दोन गोष्टी झाल्या. दोन्ही नीट पाहिल्या पाहिजेत.

पहिली जुलैमधली. लिझ माइटनर या बर्लिनमधल्या थोर भौतिकशास्त्रज्ञ जन्माने ज्यू होत्या. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळला आणि त्यांचे ऑस्ट्रियन पारपत्र निरुपयोगी ठरले. देश सोडायला अधिकृत परवानगी मिळेना. तेव्हा हॉलंडमधले भौतिकशास्त्रज्ञ डर्क कोस्टर बर्लिनला आले आणि त्यांना रेल्वेने गुपचूप सीमेपार घेऊन गेले. या सुटकेची जुळवाजुळव ज्या सांकेतिक पत्रांतून झाली, त्यांत डेबाय सामील होते. पकडले गेले असते तर परिणाम गंभीर होते. वाचलेल्या माइटनर यांनीच त्या वर्षअखेर आपल्या भाच्याबरोबर युरेनियमच्या अणुगर्भाचे दोन तुकडे होतात, याचा अर्थ लावला.

दुसरी गोष्ट डिसेंबरमधली. नोव्हेंबरात देशभर ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनास्थळे फोडली-जाळली गेली होती. भौतिकी परिषदेतून उरलेसुरले ज्यू काढा, असा दबाव आला. ९ डिसेंबरला अध्यक्ष या नात्याने डेबाय यांच्या सहीचे पत्र सभासदांना गेले. त्यात ज्यू सभासदांना परिषद सोडण्यास सांगितले होते. पत्राचा शेवट त्या काळच्या सरकारी रिवाजाप्रमाणे हिटलरच्या जयघोषाने केलेला होता. तोवर परिषदेत ज्यू सभासद फार थोडेच उरले होते. पण पत्र गेले, आणि सही डेबाय यांची होती.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटले. लष्कराला संस्थेत युरेनियमवर गुप्त संशोधन करायचे होते. जर्मन नागरिकत्व घ्या, नाहीतर संस्थेत पाऊल टाकू नका, असे डेबाय यांना सांगण्यात आले. त्यांनी नागरिकत्व नाकारले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने व्याख्यानांसाठी बोलावले होते. ते निमित्त करून जानेवारी १९४० मध्ये त्यांनी बर्लिन सोडले आणि ते परतले नाहीत. मुलगा आधीच अमेरिकेत होता, पत्नी मागून गेली. मुलगी मात्र बर्लिनमध्येच राहिली. कागदोपत्री ते बराच काळ बर्लिनच्या संस्थेच्या रजेवरच होते.

कॉर्नेलमध्ये ते रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. युद्धात कृत्रिम रबराची निकड होती. रबराच्या लांबलचक रेणूंचे वजन प्रकाश विखुरण्यावरून मोजण्याची रीत त्यांनी तिथे बसवली. १९४६ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले.

त्याच विद्यापीठात हान्स बेथे होते. तेही सोमरफेल्ड यांचे शिष्य, आणि आईकडून ज्यू असल्यामुळे जर्मनीतली नोकरी गमावलेले. तारे कशावर जळतात, याचे उत्तर बेथे यांनी १९३८-३९ साली दिले होते. हायड्रोजनचे अणुगर्भ जोडून हेलियम बनतो आणि त्यातून ऊर्जा बाहेर पडते. १९४९ साली बेथे यांच्याकडे एडविन सॉलपीटर हा तरुण आला. व्हिएन्नात ज्यू घरात जन्मलेला हा मुलगा नाझींमुळे १९३९ साली कुटुंबासह ऑस्ट्रेलियात पळाला होता आणि तिथे शिकला होता. डेबाय यांच्या गणिताला सूर्याच्या गाभ्यापर्यंत नेण्याचे काम याच सॉलपीटर यांनी केले.

अडचण अशी होती. हायड्रोजनचा अणुगर्भ म्हणजे एक प्रोटॉन. दोन प्रोटॉन दोन्ही धनभारित, म्हणून एकमेकांना जोरात ढकलतात. ते चिकटायचे तर फार जवळ यावे लागतात. सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे. ऐकायला हे प्रचंड वाटते, पण भिंत ओलांडण्यासाठी साध्या हिशेबाने कित्येक अब्ज अंश लागतील. जॉर्ज गॅमॉव्ह यांनी १९२८ साली दाखवले, की क्वांटम नियमांमुळे कणाला भिंत चढून जावे लागत नाही, क्वचित तो भिंतीतून आरपार निघतो. किती क्वचित? गाभ्यातल्या एका प्रोटॉनला दुसऱ्याशी जुळण्यासाठी सरासरी सुमारे नऊ-दहा अब्ज वर्षे वाट पाहावी लागते. सूर्य इतकी वर्षे टिकला तो या दिरंगाईमुळेच. गाभ्याच्या मध्याशी एका घनमीटर जागेतून फक्त पावणेतीनशे वॅटच्या आसपास ऊर्जा निघते. खाटेवर निजलेला माणूस तेवढ्याच आकारमानामागे त्याहून तिप्पट-चौपट उष्णता देतो. सूर्य प्रखर आहे तो त्याच्या अफाट आकारामुळे. सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यातले सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडते.

आता या गाभ्यात प्रोटॉन एकटे नसतात. सुट्या इलेक्ट्रॉनांचा समुद्र भोवती असतो. म्हणजे सलाईनसारखीच अवस्था: धन भार, ऋण भार आणि सतत धडपड. प्रत्येक प्रोटॉनाभोवती ऋण भाराचा विरळ ढग जमणारच. सॉलपीटर यांनी १९५४ साली ऑस्ट्रेलियातल्या एका भौतिकी नियतकालिकात हा हिशेब मांडला. सूत्र डेबाय आणि ह्युकेल यांचेच होते. सूर्याच्या गाभ्यातली डेबाय लांबी सलाईनमधल्या लांबीच्या तीसेक पटींनी लहान भरते. पडद्यामुळे भिंत किंचित बुटकी होते, आणि भिंतीतून आरपार जाण्याची शक्यता थोडी वाढते. दोन प्रोटॉनांच्या जुळणीचा वेग त्यामुळे सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. अणुगर्भांवरचा भार जास्त असेल तर परिणामही मोठा. बेरिलियम आणि प्रोटॉन यांच्या बाबतीत तो सुमारे २० टक्के, तर नायट्रोजन आणि प्रोटॉन यांच्या बाबतीत सुमारे ४० टक्के होतो. रक्तपेढीतला नियम इथे उलट बाजूने लागू पडला. तिथे ओढ होती, म्हणून पडदा नको होता. इथे ढकलणे आहे, म्हणून पडद्याची मदत होते.

वेग ५ टक्के वाढला म्हणून सूर्य ५ टक्के अधिक तळपतो का? नाही. क्रिया वाढली की गाभा तापतो, तापला की फुगतो, फुगला की थंड होतो आणि क्रिया पुन्हा आवरली जाते. ताप चढला की घाम सुटून शरीर थंड होते, तसाच हा आपोआप सांभाळला जाणारा तोल आहे. बाहेर पडणारा उजेड जवळजवळ तेवढाच राहतो, गाभ्याचे तापमान मात्र किंचित कमी पुरते. मग पडद्याचा माग कुठे लागतो? गाभ्यातून थेट बाहेर पडणाऱ्या न्यूट्रिनो नावाच्या कणांत. बेरिलियम आणि नायट्रोजनच्या वाटेने निघणारे न्यूट्रिनो या हिशेबाला फार संवेदनशील असतात.

इथेच पुढे मोठा पेच उभा राहिला. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या एका खोल खाणीत रे डेव्हिस न्यूट्रिनो मोजत होते. अपेक्षेच्या एक तृतीयांशच मिळत. सूर्याचे गणित चुकले की काय? तापमान, घटक, क्रियांचे वेग, पडदा, साऱ्यांवर संशय घेण्यात आला. वेगाने पळणाऱ्या अणुगर्भांभोवती ढग जमायला सवड तरी मिळते का, असाही आक्षेप काही शास्त्रज्ञांनी घेतला.

या तपासात मुंबईचाही वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अंतिया यांनी सूर्याच्या पृष्ठभागाच्या थरथरण्यावरून त्याच्या पोटातली स्थिती वाचण्याचे काम केले. सोनोग्राफीत जसे ध्वनिलहरींवरून आतले चित्र मिळते, तसेच हे. गाभ्यात ध्वनीचा वेग किती, यावरून त्यांनी दोन प्रोटॉनांच्या जुळणीचा वेग किती असला पाहिजे याच्या मर्यादा घातल्या. अशा अभ्यासांतून सूर्याचे गणित मुळात ठीक असल्याचे दिसले. अखेर २००१-०२ साली कॅनडातल्या प्रयोगाने उलगडा केला. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात, म्हणून ते मोजणीतून निसटत होते. सॉलपीटर यांचा हिशेब साध्या ताऱ्यांसाठी आजही वापरला जातो. पांढऱ्या बटू ताऱ्यांसारख्या फार दाट ठिकाणी पडद्याचा परिणाम टक्क्यांत राहत नाही, कित्येक पटींत जातो, आणि तारा कधी पेटून फुटेल हे ठरवण्यात त्याला महत्त्व येते. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरींची जी वेधशाळा उभी राहते आहे, ती ताऱ्यांच्या अशाच दाट अवशेषांच्या टकरी टिपण्यासाठी.

डेबाय यांना यातले पुढचे बरेच पाहता आले नाही. १९५२ साली ते निवृत्त झाले, तरी शिकवणे आणि संशोधन चालूच होते. बागकामाची त्यांना आवड होती. एप्रिल १९६६ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला, वयाच्या ८२व्या वर्षी, इथाका येथे त्यांचे निधन झाले.

पुढची चाळीस वर्षे त्यांचे नाव संस्थांना, पुरस्कारांना देण्यात आले. २००६ साली हॉलंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाने १९३८चे ते पत्र सर्वांसमोर आणले. उट्रेख्ट विद्यापीठाने आपल्या संशोधन संस्थेवरून त्यांचे नाव काढले. मास्ट्रिख्टमध्ये त्यांच्या नावाचा पुरस्कार थांबला. कॉर्नेलने आपली चौकशी करून नाव कायम ठेवले. डच सरकारच्या वतीने इतिहासकारांनी कागदपत्रे तपासली. डेबाय नाझी पक्षाचे नव्हते, ज्यूद्वेष्टेही नव्हते, पण प्रत्येक राजवटीत आपले काम चालू राहावे म्हणून दोन्हीकडची दारे किलकिली ठेवणारे होते, असे चित्र त्यातून पुढे आले. २००८ साली एका समितीने वाईट हेतूचा पुरावा नसल्याचे म्हटले आणि उट्रेख्टने नाव पुन्हा लावले.

समित्यांचे निर्णय झाले, तरी वाचकाला आपले मत बनवावेच लागते. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रश्न जरा जास्त टोचतो. वरून आलेल्या परिपत्रकावर सही करणे हे रोजचे काम असते. बहुतेक परिपत्रके निरुपद्रवी असतात, म्हणून हात आपोआप चालतो. ज्या दिवशी कागदात एखाद्या माणसाचे बाहेर काढले जाणे लिहिलेले असते, त्या दिवशीही हात तसाच चालतो. डेबाय यांनी एका ज्यू सहकारी बाईला जीव धोक्यात घालून वाचवले, आणि पाच महिन्यांनी इतरांना बाहेर जायला सांगणाऱ्या पत्रावर सही केली. ओळखीच्या माणसासाठी धैर्य दाखवता आले, अनोळखी नावांच्या यादीसाठी आले नाही. पहिल्या गोष्टीने दुसरी पुसली जात नाही आणि दुसरीने पहिली खोटी ठरत नाही.

त्यांच्या गणिताला या साऱ्याशी देणेघेणे नाही. व्हिएन्नातून पळालेल्या ज्यू मुलाने तेच गणित सूर्याला लावले आणि ते बरोबर ठरले. डेबाय यांचे नाव एककात आणि पुस्तकांत राहील, आणि ते राहावे. त्यांच्याबद्दल शिकवताना १९२३च्या निबंधाबरोबर १९३८चे पत्रही विद्यार्थ्यांपुढे ठेवले पाहिजे. यापुढे दवाखान्यात सलाईनची बाटली टांगलेली दिसेल, तेव्हा तिच्यातल्या ४.५ ग्रॅम मिठाचा प्रत्येक आयन आपला छोटा ढग घेऊन फिरतो आहे आणि बाहेर तळपणाऱ्या सूर्याच्या पोटातही तोच नियम चालू आहे, एवढे लक्षात असू द्यावे.